रिकवुडचे क्रीडांगण : इतिहाससाधन म्हणून एका वास्तूचा विचार

ताम्रपट, नाणी, बखरी, दप्तरे आणि पत्रव्यवहार ही इतिहासाची साधने होत, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही सांगतो. मंदिरे, किल्ले, वाडे यांनाही आपण त्या मालिकेत बसवितो. मात्र सार्वजनिक करमणुकीच्या स्थानांकडे, म्हणजे नाट्यगृहे, आखाडे, खेळांची मैदाने यांच्याकडे, अभ्यासकांची दृष्टी क्वचितच वळते. याचे एक कारण असे की, ही स्थाने फार काळ टिकत नाहीत. गर्दी वाढली की ती पाडून मोठी बांधतात आणि गर्दी आटली की जागा विकून टाकतात. यामुळेच अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरी असलेले ‘रिकवुड फील्ड’ हे बेसबॉलचे क्रीडांगण विशेष लक्ष देण्याजोगे आहे. दिनांक १८ ऑगस्ट १९१० रोजी ते खुले झाले. धंदेवाईक बेसबॉलसाठी बांधलेल्या आणि आजही उभ्या असलेल्या अमेरिकेतील क्रीडांगणांत ते सर्वांत जुने मानले जाते. बोस्टनचे सुप्रसिद्ध फेनवे पार्क १९१२ मधले आणि शिकागोचे रिगली फील्ड १९१४ मधले. म्हणजे दोन्ही याच्यापेक्षा वयाने लहानच. अशा ठिकाणी जाणाऱ्या अभ्यासकाला तेथे काय दिसते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय दिसत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शहराविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. बर्मिंगहॅमची स्थापना १८७१ साली, यादवी युद्धानंतर, दोन लोहमार्गांच्या संगमावर झाली. कोळसा, लोहखनिज आणि चुनखडी ही तिन्ही द्रव्ये एकमेकांपासून जवळच सापडत असल्याने तेथे लोखंडाच्या भट्ट्या झपाट्याने उभ्या राहिल्या. दक्षिणेकडील इतर शहरांना कापसाची व मळेवाल्यांची परंपरा होती, तशी या शहराला नव्हती. ते केवळ कारखानदारीतून जन्मलेले गाव होते. १९०० साली ३८,४१५ असलेली लोकसंख्या १९१० मध्ये १,३२,६८५ झाली. या वाढीचा मोठा भाग आजूबाजूची उपनगरे शहरात सामील केल्यामुळे झालेला असला, तरी अशा आकड्यांनी नगरपित्यांच्या मनात जी ऐट निर्माण होते तिला कारणमीमांसेशी फारसे कर्तव्य नसते. जुनी, प्रतिष्ठित शहरे आपल्याकडे बघत आहेत, ही जाणीव नव्या श्रीमंत गावाला नेहमीच असते.

या ऐटीचा एक प्रतिनिधी म्हणजे ॲलन हार्वी वुडवर्ड. लोखंड आणि कोळसा यांच्या व्यवसायात असलेल्या घराण्यातला हा तरुण बेसबॉलचा मोठा शौकीन होता. ‘रिक’ हे त्याचे टोपणनाव. त्याने शहराचा ‘कोल बॅरन्स’ हा संघ विकत घेतला आणि त्यासाठी शहराच्या पश्चिमेस सुमारे १३ एकर जागेवर नवे मैदान बांधावयास काढले. क्रीडांगणाचे नावही त्याच्या टोपणनावाची व आडनावाची सांगड घालून सिद्ध झाले. संघाच्या नावातील ‘बॅरन्स’ म्हणजे कोळशाचे सरदार. मालक, शहर आणि संघ यांची ओळख एकाच शब्दात इतक्या उघडपणे सांगितलेली उदाहरणे विरळाच आढळतात.

वुडवर्डने जे बांधले ते लाकडाचे नव्हते, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे. तोपर्यंत दुय्यम दर्जाच्या संघांची मैदाने बहुधा फळ्यांची असत. ती वरचेवर जळत आणि जळाली की पुन्हा उभी करीत. १९०९ साली पिट्सबर्ग येथे फोर्ब्स फील्ड आणि फिलाडेल्फिया येथे शाइब पार्क अशी पोलाद व काँक्रीट यांची दोन भव्य क्रीडांगणे उभी राहिली होती. वुडवर्डने ती नमुन्यादाखल डोळ्यांपुढे ठेवली, आणि फिलाडेल्फिया संघाचे चालक कॉनी मॅक यांचा सल्ला मैदानाच्या आखणीसाठी घेतला. खर्च सुमारे ७५,००० डॉलर आला. उद्घाटनाच्या दिवशी मॉन्टगोमेरीच्या संघाशी सामना झाला आणि बर्मिंगहॅमने तो ३ विरुद्ध २ अशा धावांनी जिंकला. काळाचा खेळ असा की, ज्या दोन वास्तूंची ही प्रतिकृती त्या दोन्ही आज नाहीत. फोर्ब्स फील्ड १९७१ मध्ये आणि शाइब पार्क १९७६ मध्ये पाडले गेले. मूळ पोथी नष्ट होऊन तिची एखादी प्रत आडगावच्या मठात राहावी, तसेच हे झाले. पाठचिकित्सा करणाऱ्यांना अशा प्रतीचे मोल वेगळे सांगावयास नको.

आता प्रत्यक्ष वास्तूकडे वळू. दर्शनी प्रवेशद्वार १९१० चे नाही. ते १९२८ चे असून स्पॅनिश मिशनऱ्यांच्या मठांची आठवण देणाऱ्या शैलीत बांधलेले आहे. अलाबामाचा आणि त्या शैलीचा तसा काही पूर्वसंबंध नव्हता. ती त्या दशकातली अमेरिकेत सर्वत्र पसरलेली आवड होती, एवढेच. आत शिरल्यावर पोलादी खांबांवर पेललेले लांबच लांब छप्पर दिसते, आणि ते उजव्या बाजूस मैदानाच्या टोकापर्यंत गेलेले आढळते. हा वाढीव भागही १९२० नंतरच्या दशकातला. खांब प्रेक्षकाच्या दृष्टीआड येतात, म्हणून पुढील काळातील स्थापत्यविशारदांनी ते काढून टाकले आणि वरचे मजले मागे मागे सरकविले. खांबांमुळे काही आसनांवरून नीट दिसत नाही हे खरे. तथापि त्याच खांबांमुळे छप्पर पुढे येऊ शकते आणि प्रेक्षक खेळाडूंच्या इतका निकट बसू शकतो की, त्यांचे आपसांतील बोलणेही कानी पडावे. छपराच्या कडेवरून मैदानाकडे झुकलेले दिव्यांचे पोलादी मनोरे १९३६ चे आहेत. ते आले आणि दिवसभर भट्टीपुढे राबणाऱ्या माणसाला कामाच्या दिवशीही सामना पाहता येऊ लागला. मंदीच्या काळात अनेक दुय्यम संघ याच दिव्यांच्या आधाराने तगले.

वास्तूचा सर्वांत बोलका भाग मात्र तिच्या दोन भिंतींत आहे. मैदानाच्या दूरच्या कडेला लाकडी कुंपण दिसते आणि त्याच्याही मागे, बऱ्याच अंतरावर, काँक्रीटची जुनी उंच भिंत उभी आहे. एका मैदानाला दोन सीमा कशा? याचे उत्तर खेळाच्या स्वरूपात आहे. १९१० च्या सुमाराचा बेसबॉल हा संथ चेंडूचा, चलाखीने एकेक टप्पा पुढे सरकण्याचा खेळ होता. आपल्याकडील क्रिकेटच्या भाषेत सांगावयाचे तर षट्कार जवळजवळ नसलेला खेळ. त्यामुळे मैदान अफाट ठेवण्यात अडचण नव्हती. मध्यभागी ते अंतर ४७० फूट होते. १९२० नंतर चेंडू सहज उसळणारा झाला, बेब रूथच्या उदाहरणाने उत्तुंग फटक्याची गोडी प्रेक्षकांना लागली, आणि तो फटका वरचेवर पाहावयास मिळावा म्हणून पुढे सीमाच अलीकडे ओढण्यात आली. बाहेरच्या भिंतीवर १९४८ साली वॉल्ट ड्रोपो याने मारलेला चेंडू जेथे लागला ती जागा फुलीने दाखविली जाते. एखाद्या खेळाच्या रसिकतेत पडलेला फरक दोन भिंतींमधील मोकळ्या पट्ट्यात असा पावलांनी मोजता यावा, हे साधन म्हणून फार मोलाचे आहे.

येथे ‘मायनर लीग’ म्हणजे काय हे थोडक्यात सांगितले पाहिजे. न्यूयॉर्क, शिकागो अशा महानगरांचे संघ ‘मेजर लीग’मध्ये खेळत, बाकीच्या शेकडो शहरांचे संघ निरनिराळ्या प्रतींच्या कनिष्ठ मंडळांत. बर्मिंगहॅमचा संघ १९०१ पासून ‘सदर्न असोसिएशन’ या मंडळात होता. आरंभी हे संघ स्वतंत्र असत, आपले खेळाडू आपण शोधीत व वर विकीत. पुढे, मुख्यत्वे ब्रँच रिकी यांच्या योजनेपासून, मोठ्या संघांनी लहान संघ ताब्यात घेऊन त्यांना खेळाडूंच्या रोपवाटिका बनविले. १९४९ साली अशी ५९ मंडळे होती आणि सामन्यांना सुमारे ४ कोटी प्रेक्षक आले. १९६३ पर्यंत ही संख्या १ कोटीच्या आसपास उतरली. घरोघरी आलेला दूरचित्रवाणी संच, मोटारी, उपनगरांकडे झालेले स्थलांतर ही कारणे अमेरिकन ग्रंथकार सांगतात व ती खरी आहेत. परंतु दक्षिणेत आणखी एक कारण होते, आणि रिकवुडच्या इतिहासाचा तोच कणा होय.

ते कारण पाहण्यासाठी पुन्हा आसनांकडेच वळले पाहिजे. गोऱ्या संघाच्या सामन्यांना येणाऱ्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी उजव्या बाजूच्या दूर टोकास उघडी बाके राखून ठेवलेली होती. छप्पर तेथवर पोचत नसे. अलाबामातील उन्हाळा ज्याने अनुभवला आहे त्याला या व्यवस्थेचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही. गोरा संघ परगावी गेला की तेच मैदान ‘ब्लॅक बॅरन्स’ या कृष्णवर्णीय संघाला भाड्याने मिळे. हा संघ १९२० पासूनचा. तो घडला मुख्यतः कारखान्यांतल्या कामगार संघांतून. पोलादाच्या व बिडाच्या कारखान्यांना आपापले बेसबॉल संघ असत, आणि चांगला खेळाडू म्हणून नोकरी मिळालेले कामगार त्यांत असत. १९२७ ते १९३० या काळात सॅचेल पेज हा चेंडूफेकीतला विलक्षण पुरुष या संघातून खेळला. या सामन्यांच्या दिवशी छपराखालच्या आसनांवर कृष्णवर्णीय कुटुंबे बसत, चर्चमधून थेट रविवारच्या उत्तम पोशाखात येत, आणि वेगळा विभाग राखला जाई तो पाहावयास येणाऱ्या गोऱ्यांसाठी. म्हणजे रेषा तीच राहिली. तिच्या दोन बाजूंची माणसे तेवढी सामन्याच्या वेळापत्रकाप्रमाणे बदलली. ‘विभक्त तरी समान’ या न्यायतत्त्वाची याहून मार्मिक चिकित्सा एखाद्या विधिज्ञाच्या ग्रंथातही सापडणे कठीण. आणि भाडे? ते दोन्ही दिवशी मैदानाच्या मालकाकडेच जाई.

१९४८ हे वर्ष या वास्तूच्या वैभवाचे मानतात. त्या वर्षी ब्लॅक बॅरन्सने ‘निग्रो अमेरिकन लीग’चे विजेतेपद मिळविले. संघाचे चालक होते पायपर डेव्हिस. कोळशाच्या खाणीभोवतीच्या पायपर नावाच्या वस्तीत जन्मलेला हा गृहस्थ स्वतः उत्कृष्ट खेळाडू होता. संघात एक १७ वर्षांचा शाळकरी मुलगा होता, विली मेज. त्याचा जन्म जवळच्या वेस्टफील्डचा. वडीलही कारखान्याच्या संघातले नामांकित खेळाडू. अंतिम मालिकेत होमस्टेड ग्रेज या संघाने ब्लॅक बॅरन्सना पराभूत केले, आणि ती ‘निग्रो वर्ल्ड सिरीज’ अखेरचीच ठरली. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन याच्यासाठी मेजर लीगचे दार उघडले होते. उत्तम खेळाडू त्या दारातून जाऊ लागले आणि प्रेक्षकही त्यांच्यामागून वर्तमानपत्रांच्या व नभोवाणीच्या द्वारे तिकडेच गेले. मेज १९५० मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला. डेव्हिस यांनाही त्याच वर्षी बोस्टनच्या संघाने घेतले. त्या संघव्यवस्थेत शिरलेले ते पहिले कृष्णवर्णीय. परंतु काही आठवड्यांतच त्यांना सोडून देण्यात आले. भेद मोडला त्याचे श्रेय इतिहासाने रॉबिन्सनला दिले ते यथार्थच आहे. पण तो मोडण्याच्या क्रियेत ज्यांचे वय निघून गेले होते, त्या डेव्हिससारख्या माणसांचा हिशेब कोणत्या सदरी मांडावयाचा, हा प्रश्न राहतोच.

बर्मिंगहॅमच्या सत्ताधाऱ्यांनी मात्र हे वारे ओळखून दारे अधिकच घट्ट लावून घेतली. कृष्णवर्णीय व गोरे यांनी एकत्र पत्ते, फासे वा सोंगट्या खेळू नयेत असा शहराचा नियम होताच. १९५० मध्ये त्यात बेसबॉलसारख्या मैदानी खेळांचीही भर घालण्यात आली. शहराच्या पोलीस खात्याचे प्रमुख आयुक्त होते यूजीन ‘बुल’ कॉनर. पुढे १९६३ साली निदर्शक मुलांवर कुत्रे व पाण्याचे फवारे सोडल्याबद्दल जगाला माहीत झालेले तेच हे गृहस्थ. त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ बेसबॉलच्या नभोवाणी-वर्णनापासून झाला, ही गोष्ट मात्र कमी जणांना ठाऊक आहे. तारेने येणाऱ्या त्रोटक मजकुरावरून परगावच्या सामन्याचे रसभरित चित्र रंगविण्यात त्यांचा हातखंडा होता. त्या लोकप्रियतेच्या बळावर ते १९३४ मध्ये राज्याच्या विधिमंडळात आणि १९३७ मध्ये आयुक्तपदी निवडून आले. बॅरन्सच्या सामन्यांनी शहराला आपला नेता असा घरबसल्या पुरविला.

१९५३ साली जॅकी रॉबिन्सन आपला मिश्र संघ घेऊन दौऱ्यावर आला, तेव्हा बर्मिंगहॅममध्ये त्याला गोरे सहकारी वगळून खेळावे लागले. १९५४ च्या आरंभी नियम किंचित सैल करण्यात आला आणि वसंतात मिश्र संघांचे प्रदर्शनीय सामने रिकवुडवर झालेही. दिनांक १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी, १ जूनला, शहरात मतदान होऊन खेळांवरील बंदी सुमारे तिप्पट मताधिक्याने पुन्हा लागू झाली. सदर्न असोसिएशनची कथा याहून वेगळी नाही. तिच्या संपूर्ण इतिहासात एकच कृष्णवर्णीय खेळाडू उतरला, तो म्हणजे १९५४ मध्ये अटलांटाकडून खेळलेला नॅट पीपल्स. तोही दोन सामन्यांपुरता. मोठ्या संघांना आता असे मंडळ नको होते जेथे आपले निम्मे होतकरू खेळाडू धाडता येत नाहीत. कृष्णवर्णीय प्रेक्षकांनीही पाठ फिरविली. १९६१ च्या हंगामानंतर हे ६१ वर्षांचे मंडळ बंद पडले. बर्मिंगहॅमच्या आयुक्तांनी त्याच सुमारास न्यायालयाचा एकत्रीकरणाचा आदेश मानण्याऐवजी सार्वजनिक उद्याने बंद केली, हे लक्षात घेतले म्हणजे १९६२ व १९६३ या दोन हंगामांत रिकवुडवर स्थानिक धंदेवाईक संघ का नव्हता, याचा उलगडा होतो. शेजारच्या माणसाबरोबर खेळण्यापेक्षा न खेळणे पत्करले, असा हा निर्णय होता.

१९६४ मध्ये नव्या ‘सदर्न लीग’मधून संघ परतला आणि प्रथमच गोरे व कृष्णवर्णीय खेळाडू बर्मिंगहॅमसाठी एकत्र खेळले. आदल्याच सप्टेंबरात शहरातील सोळाव्या रस्त्यावरील बॅप्टिस्ट चर्चमध्ये झालेल्या स्फोटात चार मुली ठार झाल्या होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या हंगामाचे मोल कळते. तरीही सारे निवळले होते असे नव्हे. १९६७ मध्ये येथे खेळलेला रेजी जॅक्सन याने पुढे जाहीरपणे सांगितले आहे की, हॉटेले व उपाहारगृहे आपल्याला दारातूनच परत पाठवीत आणि गोऱ्या सहकाऱ्यांच्या घरच्या आसऱ्यानेच आपण तो काळ काढला. १९७५ नंतर पुन्हा काही वर्षे मैदान ओस पडले. १९८१ मध्ये संघ आला आणि १९८८ पासून हूवर या सुखवस्तू उपनगरातील नव्या क्रीडांगणावर गेला.

मग ही वास्तू टिकली कशी? प्रस्तुत लेखकास असे वाटते की, ती जपली म्हणून टिकली त्यापेक्षा विसरली गेली म्हणून टिकली. १९६० च्या दशकात ती शहराच्या मालकीची झाली होती. गोऱ्या वस्तीने पश्चिमेकडील हा भाग सोडला, जमिनीचे भाव घसरले आणि कोणा व्यापाऱ्याला ती जागा हवीशी वाटली नाही. पिट्सबर्गचे मैदान जेथे होते तेथे जमिनीला मागणी होती, म्हणून ते गेले. ज्या भेदाने हे मैदान उजाड केले, त्याच्याच दूरच्या परिणामाने ते पाडले जाण्यापासून वाचले. यातील उपरोध कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत लिहिलेला आढळत नाही. जपणूक आली ती नंतर. १९९२ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ रिकवुड’ ही संस्था निघाली, १९९३ मध्ये राष्ट्रीय नोंदवहीत वास्तूचा समावेश झाला, आणि १९९६ पासून जुन्या पोशाखातला वार्षिक सामना सुरू झाला.

जीर्णोद्धाराबरोबर अभ्यासकापुढे एक निराळीच अडचण उभी राहिली. १९९४ च्या ‘कॉब’ आणि २०१३ च्या ‘फॉर्टी-टू’ या चित्रपटांचे चित्रण येथे झाले. आज कुंपणावर ज्या जुन्या धाटणीच्या जाहिराती दिसतात आणि हाताने आकडे लावण्याचा जो धावफलक दिसतो, त्यांत चित्रपटकारांच्या नेपथ्याचा मोठा वाटा आहे. छप्पर १९२० च्या दशकातले, भिंत खरी, फलक नेपथ्याचा आणि खेळपट्टीचे गवत २०२४ च्या डागडुजीतले. हे थर वेगळे करता आले नाहीत तर पाहणाऱ्याची फसगत व्हावयाची. आणखी एक बाब याहून गंभीर आहे. उजव्या टोकाची ती उघडी बाके आता उरलेली नाहीत. छपराखालची सुखद आसने सांभाळली गेली, दुसरीकडे नवी रंगरंगोटी झाली, आणि ज्या एका भागाने सर्व वास्तूला तिचा सामाजिक अर्थ दिला होता तोच भाग नाहीसा झालेला आहे. त्यामुळे आज कोठेही बसणाऱ्या प्रेक्षकाला हे मैदान सर्वांचे होते असे सहज वाटून जाते. अनुपस्थित साधन हेही साधनच असते, परंतु ते वाचण्यासाठी आधी त्याची अनुपस्थिती ठाऊक असावी लागते. माहितीफलक ते काम काही अंशी करतात. बाकांची जागा ते घेऊ शकत नाहीत.

दिनांक २० जून २०२४ रोजी मेजर लीगचा अधिकृत सामना येथे प्रथमच खेळविला गेला. सेंट लुईस कार्डिनल्सने सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा ६ विरुद्ध ५ असा पराभव केला. त्या सामन्याचे सर्व पंच कृष्णवर्णीय होते. हा समारंभ मुख्यतः विली मेज यांच्या गौरवार्थ योजिलेला होता, पण दोनच दिवस आधी, १८ जूनला, वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्याच्या अखेरीस आणखी एक गोष्ट घडली होती. १९२० ते १९४८ या काळातील निग्रो लीगांची आकडेवारी मेजर लीगच्या अधिकृत नोंदीत समाविष्ट करण्यात आली, आणि मेज यांच्या यशस्वी फटक्यांची संख्या ३,२८३ वरून ३,२९३ झाली. वाढलेले दहा फटके १९४८ च्या हंगामातले, ब्लॅक बॅरन्सच्या पोशाखात मारलेले. त्या हंगामात ते याहून पुष्कळ अधिक सामने खेळले असतील; पण जुन्या वृत्तपत्रांतील धावपत्रकांवरून जेवढ्यांची खातरजमा करता आली तेवढेच मोजले गेले. बाकीचे, ज्या सामन्यांचे पत्रक कोणी छापले नाही किंवा छापलेले कोणी जपले नाही त्यांचे, रिकवुडच्या त्या मोकळ्या पट्ट्यात कोठेतरी पडून आहेत आणि वृत्तपत्रांच्या जुन्या संचिकांतून त्यांचा शोध अद्यापि चालू आहे.